जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही

तुरुंगाच्या बोलीत कैदी दोन प्रकारचे, पक्का आणि कच्चा. ज्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला, शिक्षा लागली, तो पक्का. ज्याचा खटला अजून चालू आहे, किंवा चालू व्हायचाच आहे, तो कच्चा. सरकारी कागदावर यांची नावं 'सिद्धदोष बंदी' आणि 'न्यायाधीन बंदी' अशी भारदस्त असतात. बराकीत तसं कोणी बोलत नाही. 'कच्चा आहे की पक्का?' एवढंच विचारतात.

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पक्का कैदी उभा राहतो. काहीतरी केलं, पकडला गेला, आता भोगतोय. पण आत जाऊन माणसं मोजली तर चित्र वेगळंच निघतं. २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या १,३३० तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्ची होती. चारांतली तीन. आकडे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, म्हणजे सरकारचेच. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मला सगळ्यांत बोलका वाटतो. देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता ४ लाख ३६ हजार. म्हणजे ज्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही तेवढीच माणसं आत ठेवली, तरी सगळे तुरुंग काठोकाठ भरतात. शिक्षा झालेल्यांसाठी मग जागाच उरत नाही.

तुरुंग भरून वाहण्याची चर्चा जगात होते ती बहुतेक वेळा अमेरिकेवरून. तिथे लाख लोकसंख्येमागे पाचशेहून जास्त माणसं गजाआड आहेत, आणि त्यामागे लांबलचक शिक्षा, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमा, वर्णभेद अशी कारणं आहेत. आपल्याकडे हे प्रमाण लाखामागे चाळिसाच्या आसपास. त्यामुळे 'भारतात लोकांना ऊठसूट तुरुंगात टाकतात' हे वाक्य नुसतं आकड्यावर टिकत नाही. आपलं दुखणं दुसरं आहे. तिकडे शिक्षा लांबल्या, इकडे वाट पाहणं लांबलं. जगभरात कैद्यांमधला साधारण तिसरा हिस्सा निकालाची वाट पाहणारा असतो, आपल्याकडे तीन चतुर्थांश.

ही वाट लांबते कशी, हे समजायला एक माणूस कल्पून त्याच्या मागोमाग जाऊ.

पंधरा हजारांचा फोन

समजा, परभणीकडून पुण्याला बांधकामावर आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आहे. साइटवरच पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. पंधरा हजारांचा मोबाइल चोरल्याचा आरोप त्याच्यावर आहे. त्याने तो चोरला की नाही, हे आपण बाजूलाच ठेवू. कारण पुढचं सगळं दोन्ही बाबतींत तसंच्या तसं घडतं.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, नोटीस देऊन चौकशीला बोलवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावून ठेवलं आहे. अटक केलीच, तर ती का गरजेची होती हे लेखी द्यावं लागतं. आपल्या मुलाच्या बाबतीत ते लिहिणं एका ओळीचं काम आहे: आरोपीचा कायमचा पत्ता नाही, पळून जाण्याची शक्यता आहे. ज्याचं घरच बिल्डरच्या कामाबरोबर हलतं, त्याने कायमचा पत्ता आणायचा कुठून? हीच तक्रार सोसायटीत फ्लॅट असलेल्या माणसावर झाली असती, तर बहुधा नोटिशीवर भागलं असतं. कायदा दोघांना एकच आहे.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. घटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला हा हक्क आहे, पण गर्दीच्या रिमांड कोर्टात तो मिनिट-दोन मिनिटांत उरकतो. आधी पीसीआर मिळते, म्हणजे पोलीस कोठडी. ती संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, अर्थात तुरुंग. घरच्यांना 'एमसीआर झाली' ऐकून धक्का बसतो. वकील मात्र सुटकेचा श्वास टाकतो, कारण जामिनाच्या अर्जाला खरी वाट तिथून फुटते.

वकिलाचं म्हणाल तर तो सरकारकडून मोफत मिळण्याचा हक्क आहे. घटनेत ३९-अ कलम आहे, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, आणि अलीकडे फौजदारी प्रकरणांसाठी लोक अभिरक्षक कार्यालयंही, म्हणजे आरोपीची बाजू मोफत लढवणाऱ्या वकिलांची कार्यालयं, सुरू झाली आहेत. पण अटकेच्या रात्री गावाकडे फोन जातो तेव्हा घरच्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी 'फुकटचा वकील काय कामाचा' म्हणून आधी कोणाकडून तरी व्याजाने पैसे उचलले जातात. कुटुंबाचं पहिलं कर्ज इथे होतं.

धरून चालू की जामीन मंजूर झाला. आदेश साधारण असा असतो: आरोपीस पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करण्यात यावे. कागदावर मुलगा त्या दुपारी सुटला.

प्रत्यक्षात तो कोठडीतच आहे, आणि का, ते इथे नीट समजून घ्यायला हवं. जामीन म्हणजे कोर्टात पैसे भरणं, असा आपला समज असतो. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी: तारखेला येईन, न आल्यास इतके रुपये भरीन. तिला खर्च काही नाही. अडतं ते दुसऱ्या अटीवर. जामीनदार म्हणजे आरोपीसाठी उभा राहणारा तिऱ्हाईत माणूस. त्याने कोर्टात येऊन सांगायचं की हा पळाला तर रक्कम माझ्याकडून घ्या. आणि ती देण्याची ऐपत त्याच्याकडे आहे, हे त्याने दाखवायचं: शेताचा सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. वर आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो. हे घेऊन कामाच्या दिवशी, रजा टाकून, दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायचं. कागदांची पडताळणी त्या दिवशी झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

आपल्या मुलाला पुण्यात असं कोण ओळखतं? मुकादम ओळखतो, पण पोलिसांच्या लफड्यात तो पडणार नाही. सोबतचे मजूर त्याच्यासारखेच, कोणाच्याच नावावर काही नाही. गावाकडे चुलत्याचा सातबारा आहे, पण उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे आणि वारस पाच. शिवाय कोर्टाला 'स्थानिक' जामीनदार हवा असतो.

थोडक्यात, तुम्ही किती धोकादायक आहात किंवा खरंच पळून जाल का, हे प्रश्न मागे पडतात. मालमत्ता असलेली किती माणसं तुम्हाला इतकी जवळून ओळखतात की तुमच्यासाठी दिवस मोडून कोर्टात येतील, यावर सुटका ठरते. देशातल्या तुरुंगांची गर्दी समजून घ्यायची असेल, तर माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही असंही नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. त्याला त्याच न्यायालयाने जामीन दिला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात विचारलं की एखादा मल्याळी किंवा तमिळ माणूस बस्तरमध्ये वा चांदणी चौकात पकडला गेला, तर त्याने तिथला जामीनदार आणायचा कुठून? गवंड्यासाठी दहा हजारांचा जामीन हा अन्याय आहे हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला ३१ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा सांगावं लागलं. त्याच सुमारास जामीन मंजूर होऊनही सुमारे ५ हजार माणसं आत असल्याचं समोर आलं होतं.

जिथे गरज असते तिथे बाजार उभा राहतो. अनेक कोर्टांच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळतात. पैसे घेऊन ते कोणासाठीही उभे राहतात, कधी बनावट कागदांवर. अशी टोळी पकडली गेली की पडताळणी आणखी कडक होते आणि खरा पण गरीब जामीनदार आणखी अडतो.

तारीख

जामीन नाकारला गेला, तर गोष्ट अजून लांबते. नाकारण्याची कारणं अनेक असतात, पण एक सहसा बोललं जात नाही. जामीन देणाऱ्या न्यायाधीशाकडे संशयाने पाहिलं जाऊ शकतं, न देणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. सोडलेल्या माणसाने उद्या काही केलं तर बातमी होते. न सोडलेला माणूस दोन वर्षांनी निर्दोष सुटला तर होत नाही. त्यामुळे 'वरच्या कोर्टात जा' हा खालच्या कोर्टाचा सुरक्षित मार्ग ठरतो. वरच्या कोर्टात जायला वकील हवा, वकिलाला पैसे हवेत. १९७७ साली राजस्थान सरकार विरुद्ध बालचंद या प्रकरणात 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे तत्त्व मांडलं गेलं. ते आज प्रत्येक वकिलाला पाठ आहे.

काही कायद्यांनी तर हा नियमच उलटा केला आहे. दहशतवादी कारवायांविरुद्धचा यूएपीए, काळ्या पैशाच्या व्यवहारांविरुद्धचा पीएमएलए, अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा यांत जामीन मिळण्याच्या अटी इतक्या कडक आहेत की खटला सुरू होण्याआधीच आरोपीला जवळपास निर्दोषत्व दाखवावं लागतं. वर्तमानपत्रांत गाजतात ती बहुधा ही प्रकरणं. यूएपीएखाली अटक होऊन तळोजा तुरुंगात न्यायाधीन असलेले फादर स्टॅन स्वामी वयाच्या ८४ व्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, मुंबईच्या रुग्णालयात वारले तेव्हा त्यांचा खटला सुरूही झाला नव्हता. पण बराकीतली गर्दी फक्त या कायद्यांनी होत नाही. ती मोठ्या प्रमाणात साध्या, रोजच्या गुन्ह्यांतल्या, नाव नसलेल्या माणसांची असते.

खटला लांबतो त्याची कारणं ऐकायला कंटाळवाणी आहेत, आणि कदाचित म्हणूनच ती दूर होत नाहीत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं. आज मंजूर पदं धरूनही आपण वीस-एकविसाच्या आसपास आहोत. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येत नाही. पंच फिरकत नाहीत. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते, त्याला साक्षीला दुसऱ्या जिल्ह्यातून यायचं असतं आणि नेमका त्याच दिवशी तिथे बंदोबस्त लागतो.

यात एक अगदी साधी अडचण आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. कच्च्या कैद्याला कोर्टात न्यायला पोलिसांची गार्ड लागते. ती जिल्हा पोलिसांकडून येते, तुरुंगाच्या हातात नसते. सण, निवडणूक, सभा, मोर्चा असला की गार्ड नाही. गार्ड नाही म्हणजे कैदी नाही, कैदी नाही म्हणजे पुढची तारीख. आता बरीचशी हजेरी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, होते. त्याने फेऱ्या वाचल्या, पण गेलं ते असं: कोर्टाच्या आवारात वकिलाशी होणारं पाच मिनिटांचं बोलणं, व्हरांड्यात उभ्या आईचं ओझरतं दर्शन, आणि 'साहेब, मला मारलंय' हे न्यायाधीशाच्या डोळ्यांत पाहून सांगायची संधी. पडद्यावर आवाज येत-जात असतो आणि मागे वॉर्डर उभा असतो.

पुढचा-मागचा विचार न करता केलेला एखादा कायदाही तुरुंग कसा भरतो, याचं उदाहरण बिहारमध्ये आहे. २०१६ साली तिथे कडक दारूबंदी आली. काही वर्षांत जामिनाच्या अर्जांनी पाटणा उच्च न्यायालय इतकं तुंबलं की बाकीच्या प्रकरणांना वेळ मिळेना. त्या वेळचे सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये या कायद्याला दूरदृष्टीच्या अभावाचं उदाहरण म्हटलं. २०२२ साली कायदा बदलून पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडण्याची सोय झाली. दारू चांगली की वाईट हा मुद्दा वेगळा. कायदा करताना कोर्ट किती, तुरुंगात जागा किती, हे कोणी मोजलंच नव्हतं.

आत कोण असतं

कच्च्या कैद्यांपैकी साधारण दोन तृतीयांश दहावीपर्यंतही पोहोचलेले नाहीत. साधारण तेवढेच अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले. मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. यावर 'गुन्हे तेच जास्त करतात' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो की हा हिशेब शिक्षा झालेल्यांचा नाही, मग कोणी केलेल्या गुन्ह्यांविषयी आपण बोलतो आहोत?

महाराष्ट्रात याचा सगळ्यात जुना धागा पारध्यांपर्यंत जातो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला, जमाती 'विमुक्त' झाल्या, आणि त्यांच्या जागी राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कायदा गेला तरी ठाण्यातली सवय गेली नाही. शिवारात चोरी झाली की पहिला छापा पारध्यांच्या पालावर पडतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला नवीन नाही. त्यातून प्रत्येकाच्या नावावर जुन्या नोंदी जमतात. पुढच्या वेळी जामिनाच्या अर्जाला विरोध करताना सरकारी वकील त्याच नोंदी वाचून दाखवतो. संशयाने पकडलं म्हणून नोंद झाली, आणि नोंद आहे म्हणून संशय खरा ठरला.

तुरुंगाच्या आतही जात सुटत नव्हती. कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जातीवरून लिहिलेलं होतं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघड केलं, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरले. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही त्या निकालाने बोट ठेवलं. साल पुन्हा वाचा, २०२४.

बाहेर राहिलेल्यांची किंमत

आत गेलेल्या माणसाला किमान दोन वेळचं जेवण सरकार देतं. बाहेर राहिलेल्यांचं काय?

कमावता हात गेला की मजुरी त्याच दिवशी थांबते आणि खर्च त्याच दिवशी सुरू होतो. वकिलाची फी, कागदांच्या नकला, मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जायचं भाडं, आत कॅन्टीनसाठी मनीऑर्डर. मुलाखतीसाठी बाई एक दिवसाची मजुरी बुडवते, लेकरू काखेत घेऊन रांगेत उभी राहते आणि काचेपलीकडच्या नवऱ्याशी काही मिनिटं फोनवर बोलते. बोलण्यात निम्मा वेळ 'वकील काय म्हणाला' यात जातो. मोठ्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्यांना कोणीतरी सांभाळायला हवं. गावात आरोपी आणि गुन्हेगार असा फरक कोणी करत नाही. 'आत आहे' एवढंच पुरतं, आणि घरातल्या पोरीचं स्थळ परत जातं.

बाई आत गेली तर आणखी वेगळं घडतं. एकूण कैद्यांत बायका चार टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे तुरुंग थोडे, म्हणून त्या घरापासून लांब ठेवल्या जातात आणि भेटायला येणारे हळूहळू थांबतात. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं. २०२२ मध्ये दीड हजारांहून जास्त बायकांबरोबर सतराशेहून जास्त मुलं तुरुंगात वाढत होती. सहावं वर्ष पूर्ण झालं की मूल बाहेर जातं, आई आतच राहते.

यातली सगळ्यात महाग गोष्ट मात्र कोणत्याही अहवालात मोजली जात नाही. छोट्या गुन्ह्यात आठ-दहा महिने आत काढलेल्या माणसाला कोणीतरी सुचवतं: गुन्हा कबूल करून टाक. आत काढले तेवढे दिवस शिक्षेत धरतील, उद्या घरी जाशील. लढलास तर अजून दोन वर्षं. हिशेब त्याच्या बाजूने चोख आहे. घरी भाडं थकलंय, बायको माहेरी गेलीय. तो कबूल करतो आणि सुटतो. केलेलं असो वा नसो, त्या क्षणापासून तो कायद्याने गुन्हेगार आहे. मग सुरक्षारक्षकाच्या नोकरीला चारित्र्य पडताळणी लागते तिथे तो अडकतो, आणि पुढच्या वेळी परिसरात काही चोरीला गेलं की ठाण्यातून त्यालाच बोलावणं येतं. निर्दोष माणसाला खटला लढणं परवडत नाही, हे न्यायव्यवस्थेबद्दल बोलायचं सगळ्यात कठोर वाक्य असावं.

जे कबूल करत नाहीत त्यांचं काय होतं? भारतीय दंड संहितेखालच्या निकाली निघालेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या जरा वर आहे. म्हणजे जवळपास निम्मे सुटतात. सुटताना कोर्ट 'निर्दोष मुक्त' म्हणतं आणि गेलेली वर्षं तशीच राहतात. विनाकारण अटक झाल्यास भरपाई देणारं एक कलम कायद्यात आहे. रक्कम जास्तीत जास्त एक हजार रुपये, आणि ती राज्याने नाही, अटक करायला लावणाऱ्याने द्यायची. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी वेगळा कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये सुचवलं. तो झालेला नाही.

मतदानाचंही सांगायला हवं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग तो कच्चा असो की पक्का. कच्च्याला निवडणूक लढवता मात्र येते. आतून खासदार होता येतं आणि आतून मतदार होता येत नाही, यातला विनोद कायद्याने ठरवून केला नसावा.

गर्दीचा भार तुरुंगातल्या माणसांवरही पडतो. हजाराहून कमी क्षमतेच्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात तिपटीहून जास्त माणसं राहिलेली आहेत. तिथे रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. खरूज एकाला झाली की बराकीला होते. पहिल्यांदा आत आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा कोणाच्या शेजारी झोपतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य बऱ्याच अंशी ठरतं.

दुरुस्त्या झाल्या नाहीत असं नाही

१९७९ च्या जानेवारीत इंडियन एक्स्प्रेसमध्ये बिहारच्या तुरुंगांवर लेख आले. लिहिणारे के. एफ. रुस्तमजी स्वतः पोलीस अधिकारी होते. जन्म आपल्याकडचा, नागपूरजवळच्या कामठीचा. त्यांनी दाखवलं की कित्येक माणसं, त्यांचा गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी त्याहून अधिक वर्षं, खटल्याविनाच आत आहेत. वकील कपिला हिंगोरानी यांनी ते लेख घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठलं. हुसैनारा खातून विरुद्ध बिहार सरकार या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि हजारो माणसं सुटली.

त्याच बिहारमध्ये रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटले होते, पण तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. चौदा वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तीस हजारांची भरपाई दिली. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल राज्याने पैसे द्यायचे, ही वाट त्या प्रकरणाने घालून दिली.

पुढे २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ हे कलम आलं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला, तर जामिनावर सोडा. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४७९ झालं आणि याआधी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी मुदत एक तृतीयांशावर आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते जुन्या प्रकरणांनाही लावलं. म्हणजे आपल्या मोबाइलवाल्या मुलाला, जामीन मिळालाच नाही, तरी एक वर्ष पुरे. आता बारीक अक्षर वाचा. ज्याच्यावर एकाहून जास्त गुन्ह्यांचे खटले चालू आहेत, त्याला ही सवलत नाही. ठाण्यात एकदा माणूस सापडला की न उलगडलेल्या दोन-तीन चोऱ्या त्याच्याच नावावर चढतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मेख कळेल. २०२२ च्या अखेरीस पाच वर्षांहून जास्त काळ कच्चे राहिलेले ११ हजारांवर कैदी देशात होते. निम्म्या शिक्षेचं कलम तेव्हा सतरा वर्षांचं झालं होतं.

२६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून याच माणसांविषयी बोलल्या. काही दिवसांतच न्यायालयाने राज्यांकडून जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती मागवली. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: दंडासाठी २५ हजारांपर्यंत, जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत. चांगली आहे. पण ती पैशाची योजना आहे, आणि अडचण निम्मी पैशाची, निम्मी माणसाची. चाळीस हजार रुपये कोर्टात येऊन 'मी याला ओळखतो' असं म्हणत नाहीत.

अडचण सोडवणं अशक्य आहे, असं मला वाटत नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला लावलं आणि महाराष्ट्रासकट सगळीकडून हजारो कैदी तात्पुरत्या जामिनावर बाहेर आले. वर्षानुवर्षं ज्यांना सोडणं जोखमीचं होतं, त्यांची यादी काही आठवड्यांत तयार झाली. त्या यादीसाठी नवा कायदा लागला नाही.

आपल्या मुलाकडे परत येऊ. समजा, लोक अभिरक्षक कार्यालयातल्या एखाद्या चिकाटीच्या वकिलाने अर्ज करून जामीनदाराची अट शिथिल करून घेतली. आदेशाची प्रत तुरुंगाच्या जामीन पेटीत पडली. संध्याकाळी पेटी उघडली, नाव पुकारलं गेलं, अंगझडती झाली, आणि अटकेच्या वेळच्या कपड्यांत तो लाल गेटबाहेर आला. साइटवर आता दुसरी टोळी आहे आणि मुकादमाने त्याची थकलेली मजुरी नाकारली आहे. तो गावाकडे जायची एसटी धरतो. खटला अजून सुरू झालेला नाही. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि ती चुकली तर अटक वॉरंट निघेल. त्यासाठी त्याला पुण्याला यायचंय, साक्षीदार येवो न येवो.